अकरावा डाग

आमच्या घरात एक पांढरी टोपी होती आणि ती धुवायला सक्त मनाई होती. आई एरवी खुंटीवर काही दिसलं की सोड्याच्या पाण्यात बुचकळून मोकळी व्हायची, पण या टोपीपुढे तिनंही हात टेकले होते. टोपीवर दहा लाल डाग होते. नवा पाहुणा हमखास विचारायचा, "काय हो, पान खाऊन टोपीवरच थुंकता की काय?" माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, हसत नसत. "कॅच हायत त्या. धा."

आप्पा मूळचे वैराग भागातले, सोलापुरात येऊन मिलमध्ये मागावर लागलेले. उभ्या जन्मात त्यांनी बॅट हातात धरली नव्हती. पण गावात मोठी मॅच आली, रणजीतले खेळाडू आले, की आप्पा रजा टाकून मैदानाच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर, लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसत. सिक्सर तिकडे पडायचे. कुणी चेंडू हवेतून पब्लिकमध्ये मारला की तो उघड्या हातांनी झेलायचा, एवढा एकच नाद त्या माणसाला होता.

झेललेला चेंडू काही घरी नेता येत नाही. तो परत द्यावा लागतो, नाहीतर खेळ थांबतो. म्हणून त्या पायऱ्यांवरच्या लोकांनी आपला एक रिवाज पाडला होता. ज्यानं झेलला त्यानं चेंडू एकदा टोपीवर घासायचा आणि मग परत फेकायचा. चेंडूचा लाल रंग पांढऱ्या कापडावर बसतो. चेंडू जातो, डाग राहतो. दुसरा नियम असा, की जो आधी "सोडा!" म्हणून ओरडेल, चेंडू त्याचा. बाकीच्यांनी हात मागे घ्यायचे. त्याच्या हातून सुटला तर त्यानं सगळ्यांना शेंगा चारायच्या. पण "सोडा" म्हटल्यावर दुसऱ्या कुणी मध्ये हात घातला, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

आईला हे सगळं खुळचटपणाचं वाटे. "टाकणार एक, मारणार दुसरा, आणि हे मधल्यामध्ये टोपी घाण करून येणार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!" आप्पा म्हणत, "बरं बरं, वाढ आता."

मग डोळे गेले. म्हणजे एक गेला आणि दुसरा जायला लागला. काचबिंदू. डॉक्टरनी सांगितलं, जी नजर गेली ती आता येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. मिलनं त्यांना मागावरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. आप्पा बाहेर कुणाला कळू देत नव्हते. पण एकदा जेवताना त्यांनी तांब्याकडे हात नेला आणि तो तांब्याच्या वीतभर शेजारी टेकला. आईनं पाहिलं, मीही पाहिलं.

त्या आठवड्यात मी शाळेतून आले, तर आप्पा ओट्यावर माझीच वाट बघत होते. मी तेव्हा पंचविशीची, प्राथमिक शाळेत मास्तरीण, लग्न राहिलेली. म्हणाले, "थंडीत मोठी मॅच हाय. अकरावा झाला की माझी टीम पुरी. मग खुशाल आंधळा होतो."

माझं डोकंच फिरलं. "समोरचा तांब्या दिसत नाही आणि कॅच घ्यायला निघालात! तोंडावर बसला म्हणजे?"

"म्हणून तर म्हणतो, तू चल की संगं."

त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. मिलच्या माग खात्यात एवढा खडखडाट असतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथले लोक हातांनी बोलतात. धागा तुटला, खांद्यावर थाप. साहेब आला, कोपराला चिमटा. आप्पांना तीस वर्षांची सवय. त्यांनी मला शिकवलं: उजवा खांदा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. पाठीवर सगळा तळवा ठेवला की थांबायचं. आणि मानेखाली दोन बोटं टेकवली की हात वर, चेंडू आला. शेवटच्या क्षणी तो त्यांना दिसायचा, लालसर काहीतरी. तोवर माझे डोळे.

रोज सकाळी शाळेच्या आधी आम्ही मैदानावर जायला लागलो. मिलमधले त्यांचे एक तेलुगू दोस्त, ज्यांना मी काका म्हणायचे, लांबून उंच चेंडू टाकायचे. पहिल्या दिवशी सगळे चेंडू भुईवर, एक छातीवर.

"लागलं का हो आप्पा?"

"न्हाय गं. ओळख झाली."

काका लांबून ओरडायचे, "अरे, हिला मिलमध्ये लाव रे, चांगली माग चालवील!" पंधरा दिवसांनी दहातले सात आप्पांच्या हातात बसायला लागले. मी खांदा दाबायचे आणि तो म्हातारा माणूस विचार न करता सरकायचा. एवढा भरवसा माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता. मला त्याचा आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची.

मॅच तीन दिवसांची. मी रजा काढली. बायकांसाठी वेगळा मांडव होता, पण मी पुरुषांच्या पायऱ्यांवर आप्पांच्या मागच्या पायरीवर बसले. लोक बघायचे, बघू देत. पहिले दोन दिवस आमच्या बाजूला एकही सिक्सर आला नाही. दुपारी आप्पा कडक भाकरी मोडून खायचे आणि पुन्हा तोंड मैदानाकडे करून बसायचे. त्यांना मैदानातला माणूस दिसत नव्हता. बॅटचा आवाज झाला की मान तेवढी हलायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी सामना अनिर्णीत सुटणार हे नक्की झालं आणि एका फलंदाजानं उगाच हात मोकळे करायला सुरुवात केली. तिसरा की चौथा फटका आमच्याकडे उठला. मी आप्पांचा दंड धरून हलवला, तसे ते उभे राहिले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "सोडा!"

पायऱ्यांवरचे सगळे हात मागे गेले. शेजारी बसलेले काका तर खाली वाकले. मी उजवा खांदा दाबला, आप्पा उजवीकडे सरकले. तळवा ठेवला, थांबले. मानेखाली दोन बोटं टेकवली.

आणि मग मी चेंडू पाहिला. काकांनी टाकलेला चेंडू वेगळा आणि हा बॅटवरून सुटलेला वेगळा. तो थेट आप्पांच्या कपाळावर येत होता आणि आप्पा तोंड वर करून उभे होते, जागचे न हलता. माझं अवसानच गेलं. मी त्यांच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे घातले. चेंडू माझ्या ओंजळीत येऊन बसला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

मग शिट्ट्या, टाळ्या. "पोरीनं धरला! आयला, पोरीनं धरला!" खेळाडू लांबून चेंडू मागत होता. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढे धरली.

"घास."

"मी नाही."

"ज्यानं धरला त्यानं घासायचं. नियम हाय."

"मला नकोय तुमचा डाग!" मी ओरडलेच. कुणावर ओरडत होते, देव जाणे. चेंडू तसाच फेकून दिला. तो सीमारेषेपर्यंतसुद्धा गेला नाही, खालच्या पायरीवरच्या कुणीतरी उचलून पुढे दिला.

घरी येईपर्यंत आप्पांनी टोपी हातातच धरली होती. आई काही विचारायच्या आत म्हणाले, "आज पोरीमुळं वाचलो बघ. डोळ्यावरच बसला असता. मला काय दिसलाच न्हाय." आईनं माझ्या सुजलेल्या हातांना हळद लावली आणि कधी नव्हे ती माझी अलाबला घेतली. त्यानंतर आप्पा हेच सगळ्यांना सांगत राहिले, शेजाऱ्यांना, पुण्याहून आलेल्या माझ्या भावाला, अगदी डोळ्याच्या डॉक्टरलाही. "मला काय दिसलाच न्हाय. पोरीनं वाचवलं." लोक माझं कौतुक करायचे आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जायचे.

ते पुन्हा मैदानावर गेले नाहीत. मी म्हणायचे, चला ना, अजून थोडं दिसतंय तोवर. ते म्हणायचे, "टीम पुरी व्हायलाच पायजे असं कुटं लिवलंय?" वर्षभरात दुसरा डोळाही गेला. मग रेडिओ आला, कॉमेंट्री आली, आणि बरीच वर्षं ते ओट्यावर बसून होते. टोपी आता माझ्याकडे आहे. दहा डाग आहेत, फिके झालेत.

एक गोष्ट मी आईलाही सांगितली नाही. चेंडू माझ्या हातांवर बसला तेव्हा हात त्या जोरानं खाली गेले आणि खाली आप्पांचे हात होते. जोडलेले, बोटं पसरलेली, त्यांच्या कपाळासमोर, जिथे असायला हवे होते नेमके तिथेच. माझे हात त्यांच्या ओंजळीत पडले आणि त्यांची बोटं वेळेवर, अगदी वेळेवर मिटली. चेंडू, माझे हात, सगळं त्यांनी घट्ट धरलं. मग त्यांच्या बोटांना माझ्या बांगड्या लागल्या आणि त्यांनी पकड सोडली.

मी नसते मध्ये, तर अकरावा झाला होता. हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. तरी तो माणूस मरेपर्यंत सांगत राहिला, मला काय दिसलाच न्हाय. आणि मी एकदाही म्हटलं नाही, की आप्पा, तुम्ही धरला होता.