एक घर बाकी

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय, हे आधीच कबूल करतो. भूत, उतारा, ताईत यातलं काही आमच्या घरात नव्हतं. आम्ही जव्हारचे. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांचा एकच खाक्या — मशीन अडलं की आधी तेल घाल, दुवा नंतर माग. मी प्रोग्रामर झालो तोही त्याच खाक्याने. काही बिघडलं म्हणजे कुठेतरी चुकीची ओळ आहे, ती शोधायची, विषय संपला.

२००३-०४ च्या सुमाराची गोष्ट. मोखाड्यातली एक छोटी संस्था उन्हाळ्यात पाड्यांना टँकरने पाणी द्यायची. सूर्यमाळच्या बाजूला एप्रिलनंतर विहिरींत गाळच उरतो. तिथे रांगेत दिवसभर बाई उभी राहत नाही, तिचा हंडा राहतो. सकाळीच हंडे लागतात, आणि जी कोणी तिथे असेल ती सगळ्यांचे हंडे पुढे सरकवते. हंडा आहे म्हणजे बाई आहेच, असं धरून चालतात. मग टँकर आला की संस्थेचा माणूस यादीतली नावं पुकारतो, बाई ‘हाय’ म्हणते आणि पाणी घेते.

ती यादी बनवायचं वेब पेज माझं. ज्या घरांचं पाणी बाकी आहे ती डेटाबेसमधून शोधायची, एकेक घर घेऊन त्याला टँकरची फेरी द्यायची आणि ‘बाकी’ खोडून ‘झालं’ लिहायचं. हे पुन्हा पुन्हा फिरणं म्हणजे लूप; एकही घर बाकी उरलं नाही की तो थांबायचा आणि यादी छापायची. मराठी फॉन्टची तेव्हा बोंबच होती, म्हणून स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत ‘झालं’ उमटायचं. मला स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायची खोड आहे, बायको अजून वैतागते.

त्या दिवशी संस्थेच्या मोखाड्यातल्या ऑफिसात बसून बाराच्या सुमाराला लूप सुरू केला आणि तो थांबेचना. सगळी घरं संपली, एक उरलं. जानकी बुधर, सूर्यमाळजवळचा एक पाडा. झालं. पुन्हा बाकी. झालं. पुन्हा बाकी...

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. शोधून आलेल्या नोंदींवरून फिरता फिरता त्याच नोंदी बदलल्या की असा घोळ होतो. एखादी सुटते, एखादी परत पुढ्यात येते. नवशिक्यांची चूक, आणि मी नवशिका नव्हतो, म्हणून जरा लाजलो. मग आधी सगळ्या घरांचे नंबर वेगळे काढून ठेवले आणि नंतर एकेक बदलत गेलो. हा पक्का इलाज असतो. शेवटी तेच — एक घर बाकी. हाताने बदलून पाहिलं. डेटाबेस म्हणतो, एक नोंद बदलली. उघडून बघतो तर बाकी.

तेवढ्यात बाहेर कडी वाजली. संस्थेचे शिपाई भोये जेवायला निघाले होते आणि शेळ्या आत शिरतात म्हणून रोजच्या सवयीने त्यांनी बाहेरून कडी घातली होती. मी आत आहे हे विसरलेच. हाका मारल्या, पण त्या उन्हात रस्त्यावर कोण असणार. पत्र्याची खोली, खिडकीला गज. म्हटलं, येतील तासाभरात. परत लूप लावला आणि समोर बसून बघत राहिलो. झालं... झालं... झालं...

किती वेळ गेला माहीत नाही. अंगातून घामाच्या धारा, आणि डावा पाय मात्र गार पडलेला. ओल्या मातीचा वास यायला लागला. उठायला गेलो तर पाय उचलेना. मुंग्या आल्या असतील म्हणून दाबला, चोळला... पाय माझाच, पण वर काहीतरी जड ठेवल्यासारखा. छातीत श्वास पुरेना. मला त्या खोलीची इतकी भीती वाटली की सांगता येत नाही. ते नाव समोरून जायला हवं होतं, बस. मी कोडमध्ये एक ओळ घातली — हे घर सोडून बाकीची शोध.

लूप लगेच संपला. यादी छापायला लागली. आणि पाय सुटला. खुर्चीतून उठून मी चक्क दोन फेऱ्या मारल्या, इतकं बरं वाटलं.

भोये अडीचला आले, कडीबद्दल चारदा ‘माफ करा सर’ म्हणाले, आणि यादी घेऊन तीनच्या टँकरवर गेले.

ते परत भेटले दुसऱ्या दिवशी दुपारी.

“सर, एक म्हातारी ओहळात पान्यासाठी खनलेल्या झिऱ्यात सापडली. जानकी बुधर. कोंबड्यांपुरतं पानी आनाया काल सकाळी उतरली, दरड बसली अंगावर. पाय अडाकला.”

“काल सकाळी? आणि कोणी शोधलं नाही?”

“हंडा होता ना रांगेत. बायांनी सरकवला, यादी संपल्यावर उरल्या पान्यातून भरला, तिचे दारात नेऊन ठेवला. आज सकाळी पायला तं हंडा भरलेलाच, तवा धावले. नाव पुकारलं असतं तं कालच कळलं असतं. पन यादीत नव्हतं.”

ते गेल्यावर ती ओळ काढून लूप चालवला. पहिल्याच फेरीत संपला.

जानकीआजीला जव्हारच्या दवाखान्यात आणलं होतं. भोयेंबरोबर मी भेटायला गेलो. डावा पाय गुडघ्यापर्यंत बांधलेला. पुढे तो कापावाच लागला. आजी शुद्धीवर होती, बोलत होती.

“वरून एक बाप्या बोलं. झालं, झालं, असा. मना वाटलं, काढतात आता. म्हनून जीव धरला. मंग ऊन कललं आन तो गप झाला. किती हाका मारल्या. रातभर कोनी नाय.”

मोखाड्यातली ती खोली आणि तिचा पाडा यांत अख्खा घाट आहे.

आजीने माझ्याकडे बघितलं. “तू शिकलेला दिसतस. तो कां गेला असंल?”

“माहीत नाही, आजी,” मी म्हणालो.

आजी आता नाही. माझा आवाज तिच्यापर्यंत कसा पोचला, ती नोंद का बदलत नव्हती, हे मला आजही माहीत नाही. खूप शोधलं. पण तिने ते विचारलंच नव्हतं. तो का गेला हे तिने विचारलं होतं, आणि ते मला माहीत होतं.