आईच्या गुडघ्याचं माप
नव्या टायरच्या रबराचा वास आला की श्रीपूरजवळचं आमचं अंगण आठवतं. उसाच्या ट्रॉल्यांनी शेतरस्त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि आमच्या जुन्या जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं. सोलापूरचा गॅरेजवाला म्हणाला, "गाडी चार इंच उचलू की, मोठे टायर टाकू, लई रुबाबात दिसंल!" मी मात्र घरी येऊन जॅक लावला, चारही चाकांखाली इंचभर जाडीच्या शहाबादी फरशीचे तुकडे सरकवले आणि आईला जीपमध्ये चढायला सांगितलं. एका थराला ती नऊवारी सावरत सहज चढली, दुसऱ्यालाही चढली, तिसऱ्याला गुडघा धरून म्हणाली, "आता न्हाय जमायचं रं बाबा." मग थोडेसेच मोठे टायर धरून जीप एकूण दोनच इंच उचलून घेतली. भावकी हसली. पण पहिल्याच फेरीला पोट कुठंही न घासता जीप बांधावर पोचली, आणि आई कुणाचाही हात न धरता उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या मापाची गाडी हाय ही!" आज नवे टायर बसवून झाल्यावर दुकानदारानं विचारलं, "आणखी थोडी उचलायची का?" मी पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. आई केव्हाच चढून बसली होती.