तिला स्टेजवर मी चढवलं

माझी मुलगी गाते. नाव लिहीत नाही. वरठी स्टेशनाबाहेरच्या ऑटोत आणि प्रत्येक वरातीच्या डीजेवर तिची गाणी वाजतात, ओळखणारे ओळखतीलच. मी लिहायला बसलो ते तिच्या एका मुलाखतीमुळे. तीत ती खोटं बोलली, आणि ते खोटं मूळचं माझं आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. हलका, लवकर पिकणारा धान कापून झालेला असतो, लेकी-जावई येतात. मंडईलाच मुलगी दाखवायची, मंडईलाच सोयरीक जमवायची, ही जुनी रीत. त्या वर्षी आंधळगावकडचे पाहुणे मुलीला पाहायला माझ्या घरी उतरले होते. मंडळाचा अध्यक्ष मी, पेटीवरही मीच. दुपारी गाण्यांचा कार्यक्रम होता आणि नागपूरहून येणारी गायिका आलीच नाही. पोरं शिट्ट्या मारू लागली, कोणी मंडपाचे बांबू हलवू लागलं. मी धावत घरी गेलो. मुलगी चुलीपुढे पाहुण्यांसाठी वडे तळत होती.

"बाई, चाल. दोन गाणे म्हण. गावाची इज्जत जाऊन राहिली."

"पाहुणे बसले आहेत ना, बाबा. काय म्हणतील?"

"मी आहो ना!"

घाईत मी माझ्या सवयीच्या पट्टीत, काळी दोनमध्ये, सूर धरला. मुलीच्या गळ्याला ती फार खालची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिथूनच गाणं उचललं. मंडप गप्प झाला. शेंगदाणेवालासुद्धा ओरडायचा थांबला. असला भरीव आवाज मी तिच्याकडून घरात कधी ऐकला नव्हता. पुढे त्याच आवाजानं तिला ओळख दिली. जाणकार लोक त्यावर लिहितात.

गाणं संपलं तसा मुलाचा मामा स्टेजमागे आला.

"पोरगी स्टेजवर गाते, हे सांगतलं नाही तुम्ही."

"मले न विचारता चढली जी," मी म्हणालो. "काय करू, ऐकतच नाही."

पडद्याला लागून ती उभी होती. माझ्या पेटीची खोळ तिच्या हातात होती.

सोयरीक मोडली. माझं वाक्य मात्र गावभर झालं. बापाचं नाक कापणारी म्हणून बायका तिला धानाच्या रोवणीला सोबत घेईनात. शेवटी तिच्या आईनं तिला नागपूरला आपल्या भावाकडे पाठवलं. तिथे ऑर्केस्ट्रा, मग मुंबई, अल्बम, परदेशातले कार्यक्रम. मी त्यातलं काहीच जवळून पाहिलं नाही. प्रत्येक मुलाखतीत ती सांगायची, "मला पहिल्यांदा बाबांनी स्टेजवर नेलं." पानठेल्यावर लोक हसायचे. "पाहा, कशी खोटं बोलून राहिली!" आणि माझ्याकडे बघायचे. मी तळहातावर तंबाखू मळत राहायचो.

मागच्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा ती आली. अंगणात बायका बसल्या होत्या. माझी वहिनी सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "जित्तेपणी मायबापाचं नाक कापलं, आता रडते कायले वो?"

मी समोर खाटेवर होतो. मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मंडपात मी सूर धरला तेव्हा पाहिलं होतं, अगदी तसंच. मला एवढंच म्हणायचं होतं, मी चढवलं होतं तिला. मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ती उठली, माझ्या खाटेवर पडलेली आईची चादर घडी करून ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतरची ही मुलाखत. पहिल्यांदा स्टेजवर कोणी नेलं, असा तोच नेहमीचा प्रश्न. ती म्हणाली, "कोणी नाही. मीच चढले. बाबांना न विचारता."

इतकी वर्षं तिनं लोकांपुढे माझ्या जागी एक चांगला बाप सांभाळून ठेवला होता. तिला तरी तो किती दिवस पुरणार?

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर जाऊन मी सगळं खरं सांगितलं. ऐकून एक जण म्हणाला, "पोरगी मोठी झाली, आता बुढ्यालेही नाव पायजे." सगळे हसले. दुसऱ्यानं समजूत काढली, "राहू द्या ना जी. ती स्वतःच टीव्हीवर बोलली ना, मीच चढली म्हणून."

तिला फोन लावतो. वाजतो, ती उचलत नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. चुलीपुढून तिला मी उठवलं. पाहुणे काय म्हणतील, हे तिनं मला विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, मी आहो ना.