त्या मुलीच्या पायाबद्दल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, पण आधीच बजावतो — माझी कीव करायची नाही. ती मला लहानपणापासून भरपूर मिळाली आहे, पोट भरलंय.

दोन वर्षांचा असताना पोलिओने माझा डावा पाय गेला. चालताना मांडीवर हाताने दाब द्यावा लागतो, नाहीतर गुडघा दुमडतो. त्याची मला लाज नाही — असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. हुबळीजवळ तारिहाळच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचो, तीन चाकांची स्कूटर दामटायचो, कामगारांवर आवाज चढवायचो. पुरुषासारखा पुरुष! मग कारखाना सुटला की सगळे गेल्यावरच मी खुर्चीतून का उठायचो?

सत्त्याण्णव साली आम्ही धारवाडला मुलगी बघायला गेलो. मी, थोरला भाऊ — अण्णा — आणि आत्या. माझ्या पायाचं त्यांना आधीच कळवलं होतं. तरी अण्णाने मला वेळेआधी नेऊन खुर्चीत बसवलं, मुलीने मला चालताना बघू नये म्हणून. ती पोहे घेऊन आली. शाळेत शिकवायची. मला आवडली — हेही मी कधी बोललो नाही. मग आत्याने रिवाजाप्रमाणे तिला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. कुणी, कुणाचा पाय बघायचा? पण मी गप्प बसलो.

ती चालली. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाली, “आता तुम्हीपण चला की. दोघं अंगणापर्यंत जाऊन येऊ.”

त्यात टोमणा नव्हता. माझ्या पायाकडे सरळ बघून न कचरलेली ती पहिलीच मुलगी. आणि मी? “पायाला मुंग्या आल्यात,” म्हणालो. मांडीवर हात दाबत चालणारा मी तिला दिसलो, तर हिच्यापुढे नवरा म्हणून उभा कसा राहणार — एवढंच डोक्यात होतं.

परतताना गाडीत आत्या म्हणाली, “पोरगी चांगली आहे रे.”

“लंगडते ती.”

“मला तर काय दिसलं नाही बाई.”

“पंचवीस वर्षं लंगडतोय मी, आत्या. मला ओळखू येत नाही होय?”

आत्याला ते पटलं.

हुबळी-धारवाडात आपली मराठी घरं ती किती? आत्या दोन घरी बोलली, बाकीचं आपोआप झालं. पुढे वहिनीकडून कानावर येत राहिलं. तिला बघायला जो येई तो तिला दोनदा, तीनदा चालायला लावी — साडी जरा वर धरून. एकाने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. शेवटी तिनेच वडिलांना सांगितलं, आता कुणाला बोलावू नका. माझं एक वाक्य पुरलं असतं. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगा झाला होता. मी बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिचारा, पायामुळे असा वागला. खबरदार! पाय काही बोलला नव्हता. दोन्ही पाय धड असते तर मी तिच्यात दुसरी खोट काढली असती. बसमधली अपंगांची सीट मी हक्काने घेतो, पण इथे मला सवलत नको. ती मुलगी नीट चालत होती. मला ते माहीत होतं.