दोन सुऱ्यांच्या मावशी

लग्न होऊन नारायणगुड्याच्या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत एकेक सुरी. सासूबाईंच्या या थोरल्या बहीण, मूलबाळ नाही, तेव्हा इथेच असायच्या. मी उंबऱ्यातच थबकले. म्हटलं, मानपानात काही राहिलं की काय! "ये पोरी, घाबरू नक्को," त्या म्हणाल्या, "लोणी कापतेय."

मावशींना बेकरीसारखे पफ घरी करायचं वेड. परातीत मैदा, त्यात थंड लोण्याचे खडे, आणि वरून दोन सुऱ्या कात्रीसारख्या उलटसुलट चाललेल्या. पापुद्रे सुटायचे तर लोणी कणाकणानं राहायला हवं, वितळता कामा नये. आणि मावशींचे हात जन्मापासून कढत. "देवानं हातांऐवजी तवेच दिलेत मला," म्हणायच्या. म्हणून पिठाला बोट लावायचं नाही. सुऱ्या, काटा, लाकडी डाव. या त्यांच्या 'हत्यारांनी' सगळं. पण कधीमधी सुरी थांबवून परातीकडे बघत बसायच्या. "एकदा तरी हे बोटांनी चोळायचंय गं. सुरीला काय कळतं, हाताला लोणी कसं लागतं ते?"

मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी माझे हात धरले आणि ओरडल्याच, "अगं बाई, हे तर रांजणाचं बूड!" माझ्या ज्या गार हातांपायी आईनं वैद्यांसाठी गाव पालथं घातलं होतं, ते हात मावशींनी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवले. दागिने कुणी पाहिलेच नाहीत.

झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यातून गृहविज्ञानाची पदवीधर! परात ओढून घेतली आणि मैदा पोळ्यांच्या कणकेसारखा दणादण मळला. गोल ओव्हनमधून जे निघालं ते छपरावर कौलं म्हणून चाललं असतं. मावशींनी एक उचलून ओट्यावर वाजवून पाहिलं. "गारवा हातात आहे, डोक्यात यायचाय," म्हणाल्या. "हे पीठ मळायचं नसतं, पोरी. त्याची समजूत काढायची असते." नातीला हे सांगितलं की ती पोट धरून हसते. हसू दे. तेव्हाच्या त्या दीडशहाणीला मीही हसतेच.

पुढे दुकानांत रोज काहीतरी नवं यायला लागलं, तशी मी यांच्या मागे लागून दिलसुखनगरहून विजेवर पीठ मळायचं यंत्र आणवलं. हळदकुंकू लावून ते सुरू केलं. ते घरघरलं, थरथरलं, आणि लोण्याचं तूप होऊन मैद्यात बसलं. मावशी शेजारी सुऱ्या घेऊन उभ्याच. "हौ, जोर आहे बिचाऱ्याला," म्हणाल्या. "पण याचेही हात माझ्यासारखेच."

मग एका हिवाळ्यात मावशींचं हृदय थकलं. आता घरीच ठेवा, म्हणाले डॉक्टर. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. "माझा हात धर बरं."

धरला. गार होता. माझ्यापेक्षा गार.

मी काही बोलायच्या आत मावशीच हरखून म्हणाल्या, "जमलं की गं! आण परात!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि बाहेर गेल्या. मी काय करणार? मैदा घेतला, लोणी घेतलं, परात त्यांच्या मांडीवर ठेवली. सुऱ्या आणल्या नाहीत. मावशींनी दोन्ही हात मैद्यात घातले. बोटांत जोर नव्हता, खडे नुसतेच इकडून तिकडे फिरत होते. एक कसाबसा चुरला. तो त्यांनी चिमटीत धरून मला दाखवला. "बघ. वितळत नाही."

मग हात तिथेच पडून राहिले.

मी ते मैद्यातून काढून माझ्या हातांत घेतले आणि ऊब यावी म्हणून चोळायला लागले. चोळतेय, चोळतेय, काही होईना. कसं होणार? हात माझे! ज्यांचं एवढं कौतुक झालं, तेच मेले रांजणाचं बूड! मी आणखी जोरानं चोळायला लागले.

मावशींनी डोळे न उघडताच म्हटलं, "हळू, पोरी. मळू नक्को."