पहिल्या पसंतीचे पिल्लू

एफी गल्ब्रेथच्या घरी सोनेरी रिट्रीव्हर जातीची कुत्री जन्माला येऊ लागली त्याला त्या हिवाळ्यात एकतीस वर्षे झाली होती. स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या त्या खोऱ्यात फेजंट पक्ष्यांच्या शिकारीचा दिवस ठरला की बंदूकवाल्यांच्या आधी एफीला निरोप जायचा. झुडपांत, ओढ्यापलीकडे पडलेले पक्षी शोधून आणायचे ते तिच्याच कुत्र्यांनी. पिल्लू सहा महिन्यांचे झाले की एफी त्याच्या तोंडात कच्चे अंडे देई आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हाक मारी. अंडे फुटले तर ते पिल्लू शिकारीला जात नसे. कुणाच्या तरी घरी शेकोटीजवळ लोळायला जाई.

पक्षी न चावता आणणारे हे नरम तोंड रोवनकडून आलेले. रोवन तिचा पहिला नर. त्याला मागणी फार होती, आणि खोऱ्यातली रीत अशी, की नर लावायचे पैसे कोणी घेत नसे. वेतातले पहिल्या पसंतीचे पिल्लू नराच्या मालकाचे. एफीने अशी एकोणीस पिल्ले घरी आणली, वाढवली, आणि पुन्हा रोवनच्याच नातवंडांशी जुळवली. चांगले रक्त घरातच राहावे, एवढेच तिच्या मनात होते.

मग कुत्री मरू लागली. पाच-सहा वर्षांची, ऐन उमेदीतली. सकाळी ओढा पोहून जाणारे कुत्रे दुपारी हिरड्या पांढऱ्या पडून आडवे होई. प्लीहेतली गाठ फुटून रक्त आतल्या आत सांडत असे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एफीला ते स्पष्ट सांगितले होते, आणि ते रोवनच्या रक्तातूनच येते हेही. ज्यांची कुत्री गेली ते आधी तिलाच विचारत, आणि ती मात्र म्हणे, काहीतरी विषारी खाल्ले असेल, कुंपणावर आपटले असेल.

आता तिच्याकडे टॅन्झी तेवढी उरली होती. पाच वर्षांची, अजून एकदाही न व्यालेली. तिचे एक वेत बाहेरच्या रक्ताचे व्हावे, म्हणजे एकतीस वर्षे वाया जाणार नाहीत, या आशेवर एफीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वंशावळी पसरल्या. ज्या नराचा कागद उचलावा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत रोवन. एकाच माणसाची कुत्री त्यातून सुटली होती. डूगल मोवॅटची. वीस वर्षांपूर्वी त्याने रोवनला नकार दिला होता, आणि एफी चारचौघांत म्हणाली होती, याची कुत्री म्हणजे पावसात भिजलेले कोल्हे.

"या बाईसाहेब," मोवॅटने दार उघडले. "कोल्हे बघायला आलात?"

"तुमचा स्किफ बघायला आले. टॅन्झीसाठी."

"खोऱ्यातले नर संपले वाटतं."

"संपले. सगळे माझेच आहेत."

त्याने चहा ओतला. "किती मेली?"

"दोन-तीन."

"एफी, मी ऐंशीचा झालोय, बहिरा नाही झालो."

तिने कपात पाहिले. "अकरा."

"मग ऐक. अकरा नावं, वयं, आई-बाप, कशानं गेली, सगळं कागदावर लिही आणि शिकारीच्या दिवशी सगळे जेवायला जमतात त्या खोलीत लाव. टॅन्झीचं पोट तपासून आण. मग स्किफ तुझा. मला पिल्लू नको. त्या रीतीनंच घात केलाय आपला."

"माझ्या दारात पुन्हा कोणी यायचं नाही, मोवॅट."

"नाही येणार. पण आपलं कुत्रं कधी तपासायचं ते तरी त्यांना कळेल."

एफीने घरी येऊन यादी केली. तारखा शोधाव्या लागल्या नाहीत.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी टॅन्झीच्या पोटावरचे केस काढले, थंड मलम लावले आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवले. प्लीहेवर अक्रोडाएवढी गाठ होती. "काढू आपण," त्या म्हणाल्या. "काही महिने मिळतील. वेत मात्र नाही."

म्हणजे स्किफची गरज उरली नाही, आणि यादी लावायचीही. एफीने तो कागद चुलीजवळ नेला. मग पुन्हा पिशवीत ठेवला.

शनिवारी हंगामातली शेवटची शिकार होती. जेवायच्या खोलीत सूप वाढले जात असताना तिने भिंतीवर कागद ठोकला. शिकारीचे रान राखणारा आर्ची टेलफर वाटी हातात घेऊन वाचत राहिला.

"यात माझी ब्रॅम्बल आहे," तो म्हणाला. "तू म्हणालीस, तिनं उंदराचं औषध खाल्लं."

"म्हणाले होते."

"मी शेजारच्या लोरीमरशी सहा वर्षं बोललो नाही. त्याच्याच कोठारात औषध होतं म्हणून. तो गेला मागच्या वर्षी."

एफीने पेन्सिल काढली आणि अकराव्या नावाखाली टॅन्झीचे नाव लिहिले.

"ही तर बाहेर गाडीत बसलीय," आर्ची म्हणाला.

"हो."

"माझ्याकडे हिची दोन भावंडं आहेत."

"म्हणूनच लिहिलं."

त्याने वाटी तशीच खाली ठेवली. मग एकेक जण उठून कागदापाशी जाऊ लागला, आणि एफीच्या बाकावर ती एकटीच राहिली. थोड्या वेळात आर्चीची गाडी दोन्ही कुत्री घेऊन दवाखान्याच्या रस्त्याला लागली, मागोमाग आणखी दोन गाड्या. त्या दुपारी ओढ्यापलीकडे पडलेले पक्षी आणायला कुत्री पुरली नाहीत. टॅन्झी गाडीच्या काचेला नाक लावून ते कुठे पडले ते बघत होती. एफीने तिला बाहेर सोडले नाही.