तंबाखूवरची पांढरी पूड

"यात आर्सेनिक आहे की नाही, एवढंच सांगा."

मॅनेजरसाहेबांनी पत्र्याचा चपटा डबा माझ्या टेबलावर ठेवला. 

डिचोलीजवळच्या एका खाणकंपनीच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. खनिजात लोखंड किती, सिलिका किती, हे काढायचं, एवढंच आमचं काम. पाइपची तंबाखू तपासायला कधी कोणी आणली नव्हती.

डब्यात दाबून केलेल्या तंबाखूच्या पट्ट्या होत्या, काळपट, जाडसर. त्यांच्यावर सगळीकडे पांढरी पूड. पांढरं आर्सेनिक असंच दिसतं.

"आठवडाभर उलट्या होतायत, पोटात कळा येतायत," साहेब म्हणाले. "काल रात्री डब्यात नीट बघितलं तेव्हा कळलं. हे लाडूचंच काम."

लाडू त्यांच्या बंगल्यावरचा स्वयंपाकी, दोडामार्गकडचा. चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी जायला त्याने रजा मागितली होती. साहेबांनी नाही म्हटलं. त्यावरून दोघांची वाजली होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी आधी भिंगाखाली एक पट्टी धरली. बुरशी असती तर कापसासारखे तंतू दिसले असते, कुबट वास आला असता. इथे वास उलट मनुकांसारखा गोडसर. पांढरे कण उजेडात चमकत होते. स्फटिक होते ते. पण आर्सेनिकचेही स्फटिक असतात, म्हणून टेस्ट करणं भाग होतं.

ही टेस्ट सोपी असते. बाटलीत जस्त आणि ॲसिड घ्यायचं, त्यात नमुना टाकायचा, तोंडावर रसायन लावलेला कागद बसवायचा. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि कागदावर पिवळा डाग पडतो. खात्रीसाठी दुसऱ्या बाटलीत मी मुद्दाम चिमूटभर आर्सेनिक घातलं. त्या कागदावर डाग पडला. तंबाखूच्या बाटलीवरचा कागद पांढराच राहिला.

"मग दुसरं कसलं विष असेल," साहेब म्हणाले.

"ही तंबाखू आणली कुठून?"

"खनिज न्यायला मुरगावला बोट आली होती, तिच्या कॅप्टनने दिली. बरीच वर्षं झाली. दोन डबे होते. हा गेल्या महिन्यात फोडला."

"आणि दुसरा?"

"कपाटात आहे. सीलबंद."

"तोच बघूया, साहेब. सीलबंद डब्यात कोण काय घालणार?"

जीपने आम्ही बंगल्यावर गेलो. साहेबांनी डबा माझ्या हातात दिला. सील मी स्वतः तपासलं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. झाकण उचकटलं तसा फुस्स आवाज झाला. आत तीच काळपट पट्टी. तिच्यावर तीच पांढरी पूड, जरा जास्तच.

तंबाखू बंद डब्यात वर्षानुवर्षं राहिली की मुरते. रंग गडद होतो, वास गोड होतो, पानातलेच काही क्षार आणि आम्लं वर येऊन त्यांचे स्फटिक बनतात. म्हातारपणाची खूण. कोणी काही घातलेलं नव्हतं.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं झालं," ते म्हणाले. मग वॉचमनला हाक मारली, "अरे, त्याका सोड."

कोणाला सोड, ते मला कळेना. वॉचमन गॅरेजकडे वळला तशी मीही मागोमाग गेले.

आत लाडू होता. सुंभाने हात मागे बांधलेले. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटून शर्टावर रक्त वाळलेलं. सकाळपासून त्याला तिथे ठेवला होता. मी लॅबमध्ये बाटल्यांवर कागद बसवत होते, तेव्हासुद्धा.

"बाय, मी कायएक करूक नाय," तो म्हणाला.

मी सुंभ सोडायला लागले, पण गाठ आवळून बसली होती. शेवटी वॉचमननेच गाठ सोडली.

बाहेर आलो तर साहेब बाल्कांवावर, दारापुढच्या ओसरीत, बसून पाइप भरत होते. नव्या डब्यातली पट्टी चुरली, काडी ओढली.

"बाई, वास बघा! जुनी झाल्यावर काय मस्त लागते!"

लाडू समोर अंगणात उभा होता. साहेबांनी धूर सोडला आणि त्याला म्हणाले, "जा, चवथीची रजा दिली तुका. मागीर ये कामाक."

लाडूने इकडेतिकडे बघितलं.

"सायब, माजी चप्पलां खंय आसत?"

एकच सापडली. ती हातात घेऊन तो फाटकाबाहेर पडला. परत कामावर आला नाही.

साहेबांचा विकार पित्ताशयातल्या खड्यांचा निघाला. ऑपरेशन होऊन ते खडखडीत बरे झाले. लाडूला मारल्याबद्दल कोणालाही काही झालं नाही. रिपोर्टमध्ये मी "विष आढळले नाही" असं लिहिलं. बाकीचं लिहायला रिपोर्टमध्ये जागा नसते.

तेव्हापासून असा नमुना घेऊन कोणी आलं की बाटली हातात घेण्याआधी मी विचारायची, संशय कोणावर आहे आणि तो माणूस या घडीला कुठे आहे.